नाकावरचा व्रण आणि मास्कचे पट्टे

पत्र: मी ४८ वर्षांची शिक्षिका आहे. स्लीप ॲप्निया, म्हणजे झोपेत श्वास अडकण्याचा आजार निघाल्यामुळे पाच महिन्यांपासून सीपॅप मशीन (मास्कमधून दाबाने हवा देणारं यंत्र) लावून झोपते. नाक आणि तोंड दोन्ही झाकणारा मास्क आहे. झोप सुधारली, दिवसाची पेंग गेली, पण चेहऱ्याची पार दशा झाली. सकाळी नाकाच्या हाडावर खोल वळ असतो, तो दुपारपर्यंत जात नाही. गालांवर मास्कच्या कडेकडेने खाजरी पुरळ आणि हनुवटीवर पुटकुळ्या आल्यात. हवा डोळ्यांत जाते म्हणून मी पट्टे आणखी आवळत गेले. मास्क रोज सॅनिटायझरने पुसते. गेल्या आठवड्यात नाकावरची कातडी सोलून निघाली. घरात खाजेवरचं मलम होतं, ते लावलं. आता चार रात्री मशीनच लावलेलं नाही आणि घोरणं परत सुरू झालंय, असं मिस्टर सांगतात. ही सिलिकॉनची ॲलर्जी असेल का? कोणतं मलम लावू? की मशीन बंदच करून टाकू? वर्गात मुलं विचारतात, 'बाई, नाकाला काय लागलं?' त्यांना काय सांगू तेही कळत नाही.

उत्तर:

प्रिय ताई,

सोललेल्या नाकावर पुन्हा तोच मास्क चढवणं कोणालाच जमलं नसतं. त्या चार रात्री मनाला लावून घेऊ नका. पण पाचवी रात्र तशीच जाऊ देऊ नका, हेही तितक्याच कळकळीने सांगते. सीपॅपचा गुण अंगात साठून राहत नाही. मशीन चालू असतं तेवढाच वेळ हवेच्या दाबाने घसा उघडा राहतो. मास्क निघाला की एक-दोन रात्रींत श्वास पूर्वीसारखा अडकू लागतो. घोरणं परतलं, म्हणजे बहुधा तेच सुरू झालंय. त्याच्या मागोमाग दिवसाची पेंगही येते. तुम्ही स्वतः गाडी चालवत असाल, तर डोळे जड वाटतील त्या दिवशी चावी दुसऱ्याच्या हातात द्या.

मशीन बंद करायचं नाही. नाकावरचा दाब मात्र पूर्ण काढायचा. दोन्ही गोष्टी एकदम जमतात, फक्त मास्क वेगळ्या घडणीचा लागतो. जिथून मशीन घेतलंत त्यांना किंवा तुमच्या झोपेच्या डॉक्टरांना उद्याच फोन करा आणि सांगा, 'नाकाच्या हाडाला अजिबात न टेकणारा मास्क हवा.' असे दोन प्रकार मिळतात. एक नेझल पिलो, म्हणजे नाकपुड्यांच्या तोंडाशी टेकणाऱ्या दोन मऊ बोंडांचा. दुसरा तोंड झाकणारा, पण नाकाच्या खालून बसणारा फुल फेस मास्क. तुम्हाला मुळात नाक-तोंड झाकणारा मास्क दिलाय, म्हणजे झोपेत तोंड उघडं राहत असावं किंवा नाक चोंदत असावं. तसं असेल तर नुसत्या नेझल पिलोने तोंडावाटे हवा निघून जाईल. तुमच्यासाठी दुसरा प्रकार जास्त बरा. एक सावधगिरी मात्र घ्याच: काही मास्कच्या पट्ट्यांना चुंबकाच्या क्लिपा असतात. तुमच्या किंवा शेजारी झोपणाऱ्या माणसाच्या शरीरात पेसमेकर, कॉक्लिअर इम्प्लांट (ऐकू येण्यासाठी कानात बसवलेलं यंत्र) किंवा तशा प्रकारचं धातूचं काही बसवलेलं असेल, तर चुंबकाचा मास्क घेऊ नका.

नवा मास्क यायला एक-दोन दिवस लागले तर तेवढ्यापुरतं कुशीवर झोपा, डोक्याकडची बाजू उंच ठेवा आणि झोपेच्या गोळ्या टाळा. डॉक्टरांनी अशी गोळी लिहून दिलेली असेल, तर 'सध्या मशीन लावत नाहीये' हे त्यांना लगेच कळवा. ही तात्पुरती डागडुजी आहे, ती आठवडाभर ओढू नका.

आता जखम. ते खाजेवरचं मलम आजच बाजूला ठेवा. अशा मलमांत पुष्कळदा स्टिरॉइड असतं, कधी त्यासोबत बुरशीवरचं आणि जंतूंवरचं औषधही मिसळलेलं असतं. चेहऱ्याची कातडी आधीच पातळ. स्टिरॉइडने ती आणखी पातळ होते, जखम भरायला वेळ लागतो, पुटकुळ्या वाढतात, आणि बुरशी असलीच तर तिचं रूप इतकं बदलतं की डॉक्टरांनाही ओळखणं अवघड जातं. ट्यूब फेकू नका. डॉक्टरांकडे जाताना बरोबर न्या आणि किती दिवस लावलं ते सांगा. निओमायसिन असलेली जंतुनाशक मलमंही मनाने लावू नका, कारण निओमायसिनचीच ॲलर्जी बऱ्याच जणांना असते.

जखम साध्या स्वच्छ पाण्याने हलक्या हाताने धुवा, टिपून कोरडी करा आणि दिवसा तिच्यावर साध्या, बिनवासाच्या पेट्रोलियम जेलीचा पातळ थर ठेवा. ओलसर राहिलेली जखम लवकर भरते. खपली धरली तर ती ओढू नका. रात्री मास्क लावण्याआधी जेली पुसून घ्या, कारण तिच्यावर मास्क सरकतो. आणि ज्यांना मशीनबरोबर ऑक्सिजनही जोडलेला असतो त्यांनी पेट्रोलियमचं काहीही चेहऱ्याला लावू नये, त्यात पेट घेण्याचा धोका असतो. कातडी फाटलेली आहे, त्यामुळे येत्या दोन-तीन दिवसांत डॉक्टरांना दाखवाच. पू, पिवळट खपल्या, पसरत जाणारी लाली, गरमपणा, ताप किंवा जखमेच्या तळाशी काळपट भाग, यातलं काही दिसलं तर त्याच दिवशी जा. मधुमेह असेल किंवा बरेच दिवस स्टिरॉइडच्या गोळ्या चालू असतील, तर मुळीच थांबू नका.

तुम्ही विचारलंत, ही सिलिकॉनची ॲलर्जी आहे का. मला तसं वाटत नाही. तुमच्या चेहऱ्यावर तीन वेगळ्या जागी तीन वेगळ्या गोष्टी घडल्यात आणि प्रत्येकीचं कारण निराळं दिसतंय. नाकावर दाब. गालांवर सॅनिटायझर, घाम आणि ओल. हनुवटीवर तेलकटपणा आणि घासणं. तिन्हींवर एकच मलम शोधत बसलं की काहीच बरं होत नाही.

वैद्यकीय सिलिकॉनची खरी ॲलर्जी क्वचित दिसते. ॲलर्जी निघालीच तर ती जास्त करून पट्ट्यांमधल्या रबरासारख्या थराची, एखाद्या डिंकाची, नाहीतर आपणच चेहऱ्याला लावलेल्या क्रीमची असते. ओळखायचं कसं? ॲलर्जीत दुखण्यापेक्षा खाज फार असते. बारीक पाणीदार फोड येतात, पुरळ मास्कच्या कडेबाहेर पसरते, आणि वस्तू अंगाला लागल्यावर एक-दोन दिवसांनी उठते. पुरळ नेमकी पट्ट्यांखाली, म्हणजे गालावरून कानामागे आणि मानेवर गेलेली असेल, तर पट्ट्यांचा संशय घ्यायचा आणि त्यांच्यावर सुती खोळ चढवून बघायचं. एवढं करूनही शंका राहिली तर त्वचारोगतज्ज्ञ पॅच टेस्ट करतात. संशयित पदार्थ पाठीवर चिकटवून ४८ तासांनी काढतात, आणि त्यानंतर पुन्हा एकदा पाठ तपासतात. मास्कचा आणि पट्ट्याचा छोटा तुकडा बरोबर नेलात तर त्याचाही उपयोग होतो.

नाकाबद्दल मात्र सविस्तर लिहिते, कारण सगळ्याचं मूळ तिथे आहे.

नाकाच्या हाडावर चरबीची गादी जवळजवळ नसतेच. कातडी आणि लगेच खाली हाड. त्यावर सात-आठ तास दाब राहिला की बारीक रक्तवाहिन्या दबतात आणि तेवढ्या भागाला रक्त पोचत नाही. अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या पाठीला बेडसोअर होतात, तीच ही प्रक्रिया. तिची पहिली पायरी घरी ओळखता येते. मास्क काढल्यावर वळावर बोट दाबून सोडा. बोट दाबल्यावर तिथला रंग फिका पडून परत आला आणि वळ अर्ध्या-पाऊण तासात निघून गेला, तर काळजी नाही. रंग फिका पडतच नसेल किंवा वळ तासाभरानंतरही तसाच असेल, तर आतली कातडी दुखावली आहे. गव्हाळ किंवा सावळ्या रंगावर लाली चटकन दिसत नाही, म्हणून डोळ्यांपेक्षा बोटांवर विश्वास ठेवा. आजूबाजूपेक्षा ती जागा कडक, गरम किंवा दुखरी लागते का, जांभळट-काळसर झालीय का, ते बघा. तुमचा वळ दुपारपर्यंत टिकत होता. कातडी सोलण्याच्या कितीतरी आधीपासून नाक हे सांगत होतं. तो वळ कसा वाचायचा हे तुम्हाला मशीन देतानाच कोणीतरी दाखवायला हवं होतं.

आणि पट्टे. हवा गळली की हात आपोआप पट्ट्याकडे जातो, सगळ्यांचाच जातो. पण मास्कचं कुशन, म्हणजे चेहऱ्याला टेकणारी मऊ कड, तसं काम करत नाही. १९८१ साली सिडनीमध्ये डॉक्टर कॉलिन सलिव्हन यांनी सीपॅपचा उपचार पहिल्यांदा प्रसिद्ध केला, तेव्हा सुरुवातीच्या रुग्णांना मास्क रोज रात्री सिलिकॉनच्या गोंदाने चेहऱ्याला चक्क चिकटवावा लागायचा. आजच्या सिलिकॉनच्या कुशनला बहुतेक वेळा दोन पापुद्रे असतात. आतून येणाऱ्या हवेने वरचा पातळ पापुद्रा फुगतो आणि चेहऱ्याच्या उंच-सखल भागांवर अलगद बसतो. हवा अडवतो तो हा फुगलेला पापुद्रा. पट्टा आवळला की तो चपटा होतो, त्याला घड्या पडतात, घडीतून हवा सुटते, आपण आणखी आवळतो. तुमच्या डोळ्यांत जाणारी हवा आणि नाकावरचा व्रण हे एकाच आवळण्याचे परिणाम असण्याची दाट शक्यता आहे.

मी मास्क बसवून देण्याचं काम करते. सुरुवातीच्या दिवसांत मी एका आजोबांना खुर्चीत बसवून, मशीन बंद ठेवून मास्क लावून दिला होता आणि तो छान बसल्याचं सांगून घरी पाठवलं होतं. पंधरा दिवसांनी ते नाकावर जखम घेऊन परत आले. आडवं झालं की गालांची ठेवण बदलते, हवा सुरू झाली की कुशन बदलतं, हे मी तेव्हा लक्षातच घेतलं नव्हतं. त्यानंतर मी कोणालाही बसवून मास्क लावत नाही.

तुम्हीही नवा मास्क आडवं पडूनच लावा, ज्या कुशीवर झोपता त्या कुशीवर, मशीन चालू करून. बऱ्याच मशीनमध्ये मास्क नीट बसलाय का ते तपासायची सोय असते. ती सुरू केली की मशीन थोडा वेळ जास्त दाबाने हवा सोडतं. ती वापरा, कारण झोपताना मशीन हलक्या दाबाने सुरू होतं आणि पहाटे दाब वाढल्यावर खरी गळती उघडकीला येते. सगळे पट्टे आधी सैल सोडा. कुशन चेहऱ्यावर टेकवा, हवा सुरू असताना मास्क किंचित पुढे ओढून परत बसू द्या, म्हणजे वरचा पापुद्रा नीट फुगतो. मग आधी खालचे आणि नंतर वरचे पट्टे, दोन्ही बाजूंनी सारखे, थोडे थोडे ओढा. गळती थांबली की तिथेच थांबा. पट्ट्याखालून बोट सहज सरकायला हवं. मास्कच्या पुढच्या भागातल्या बारीक छिद्रांतून येणारी हवा ही गळती नव्हे. आपण सोडलेला श्वास तिथूनच बाहेर जातो. ती छिद्रं चुकूनही बुजवू नका.

इतकं करूनही हवा सुटत असेल तर आकार तपासा. चेहऱ्याच्या मापापेक्षा मोठा मास्क जास्त गळतो आणि तो गळतो म्हणून जास्त आवळला जातो. पाच महिन्यांत वजनात फरक पडला असेल तर चेहराही बदललेला असतो. कवळी असणाऱ्यांनी रात्री ती काढून झोपत असतील तर माप कवळी काढूनच घ्यावं. शिवाय कुशन किती जुनं आहे? सिलिकॉन पिवळट, चिकट, फार मऊ किंवा कडक झालं की ते नीट फुगत नाही. साधारणपणे एक ते तीन महिन्यांनी कुशन आणि सहा महिन्यांनी पट्टे बदलायला सांगतात. पट्ट्यांची लवचीकता गेली की माणूस ते ओढतच जातो. सगळं ठीक असून गळती राहिली तर मशीनच्या दाबाबद्दल डॉक्टरांशी बोला. दाब स्वतःच्या मनाने बदलू नका.

नाक बरं झाल्यावर जुना मास्क फेकायची गरज नाही. दोन वेगळ्या घडणीचे मास्क आलटून पालटून लावले की दाब रोज एकाच जागी पडत नाही. आधी व्रण झालेल्या जागेवर हायड्रोकोलॉइडची (जेलसारख्या मऊ पदार्थाची) पातळ पट्टी किंवा मास्कसाठी मिळणारं कापडी अस्तर लावता येतं. पण ते कातडी धड असतानाच. पट्टीमुळे थोडी हवा सुटली तर ती भरून काढायला पट्टे आवळू नका, नाहीतर पट्टी लावून काहीच साधलं नाही. कापसाचे बोळे किंवा साधं चिकटपट्टीचं प्लास्टर मास्कखाली घालू नका. त्यांच्या कडा स्वतःच रुततात.

गालांची पुरळ बहुतेक सॅनिटायझर बंद केल्यावरच ओसरू लागेल. अल्कोहोलने सिलिकॉन खराब होतं आणि सॅनिटायझरमधलं जे मागे राहतं ते रात्रभर गालाला चिकटून बसतं. रोज सकाळी कुशन कोमट पाण्याने आणि बिनवासाच्या सौम्य साबणाने धुवा, साबणाचा बुळबुळीतपणा पूर्ण जाईपर्यंत खळबळा आणि सावलीत वाळवा. पट्टे आणि नळी आठवड्यातून एकदा. ओझोनने मास्क साफ करणारी यंत्रं मिळतात, ती घेऊ नका. ओझोन श्वासनलिकेला झोंबतो, आणि अशा यंत्रांविरुद्ध अमेरिकेच्या एफडीएने (औषधं आणि वैद्यकीय उपकरणांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने) २०२० मध्ये सावध केलं होतं. ओल कुठून येते तेही शोधा. ह्युमिडिफायरची, म्हणजे मशीनची हवा दमट करणाऱ्या भागाची, वाफ थंड नळीत पाणी होऊन मास्कमध्ये ठिबकत असेल, तर ह्युमिडिफायर थोडा कमी करा किंवा नळी पांघरुणाखालून घ्या. गरम होणारी नळी मिळाली तर उत्तमच.

पुटकुळ्यांसाठी झोपण्याआधी चेहरा सौम्य फेसवॉशने धुऊन पूर्ण कोरडा करा. क्रीम हवंच असेल तर पाण्यावर आधारलेलं, पातळ, आणि मास्कच्या निदान अर्धा तास आधी. पुटकुळ्यांवरची रेटिनॉइड किंवा बेंझॉइल पेरॉक्साइडची क्रीमं मास्कखाली दबून जास्त झोंबतात. ती कधी लावायची हे डॉक्टरांना विचारून ठरवा. हे सदर वाचणाऱ्या पुरुषांसाठी जाता जाता: दाढी रात्री करू नका, सकाळी करा. ताज्या दाढीच्या गालावर मास्क घासला की केसांच्या मुळाशी फोड येतात.

जखम भरल्यावर तिथे काळसर डाग राहील आणि तो जायला काही महिने लागू शकतात. कातडी पूर्ण भरली की दिवसा त्या जागी सनस्क्रीन लावत जा. डागावर कोणी गोरेपणाचं क्रीम सुचवलं तर मोडता घाला.

आणि मुलांना खरं तेच सांगा: 'रात्री झोपेत माझा श्वास अडकतो, म्हणून मी मशीन लावते. त्याच्या मास्कने घासलंय, आता बरं होतंय.' मुलांना एवढं पुरतं. लपवण्यासारखं यात काही नाही, आणि वर्गातल्या एखाद्याच्या घरीही असंच मशीन असू शकतं.

नवा मास्क नीट बसला की पट्टे जिथे थांबले तिथे पेनाने बारीक खूण करा, म्हणजे धुतल्यावर पुन्हा तितकेच ओढता येतील. पहिला आठवडाभर सकाळी मास्क काढल्याबरोबर एक आणि तासाभराने एक, असे चेहऱ्याचे दोन फोटो काढा. तासाभराच्या फोटोत कुठेही वळ दिसला तर त्या रात्री पट्टा त्या खुणेपेक्षा थोडा सैल करून बघा, आणि डॉक्टरांकडे जाताना हे फोटो बरोबर असू द्या.